अर्ध्या उभ्या सांगाड्याचे कारागीर

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले तलवाडा ओळखले जाते ते टेकडीवरच्या त्वरितादेवीच्या दगडी मंदिरामुळे. पण या गावात आणि आसपासच्या रानात अलीकडे जे नवे उभे राहिले, त्यातले पुष्कळसे लोखंडाचे आहे: कापसाच्या पट्ट्यातल्या जिनिंगच्या शेडी, खत-बियाण्यांची गोदामे, मंगल कार्यालये, मोबाइलचे आणि उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे. दगड आणि पोलाद यांच्या बांधणीत एक मूलभूत फरक आहे. दगडी भिंत कमरेएवढी आली की ती कमरेएवढी पक्की भिंत असते. गवंडी महिनाभर फिरकला नाही तरी तिचे काही बिघडत नाही. पोलादी सांगाड्याला अशी सवड नसते. पुरा झाल्यावर जो वादळ झेलणार असतो, तोच सांगाडा अर्धा असताना साध्या वावटळीने आडवा होऊ शकतो. त्याची ताकद सुट्या भागांत कमी आणि त्या भागांनी एकमेकांना धरून राहण्यात जास्त असते. सगळे भाग जागेवर येईपर्यंत कोणीच कोणाला पुरते धरलेले नसते.

आराखडा करणारा अभियंता बहुधा पूर्ण इमारतीचा हिशेब करतो. कारखान्यात कापणारे-जोडणारे सुट्या भागांचा हिशेब ठेवतात. या दोहोंच्या मधल्या अवस्थेचा हिशेब ज्याच्या डोक्यात असावा लागतो, तो उभारणी करणारा माणूस. ठेकेदाराच्या बिलात तो इरेक्टर असतो, साइटवर कधी फिटर, कधी रिगर, कधी खलाशी. त्याचे कौतुक होते ते उंचीवर न डगमगता चालतो म्हणून. माझ्या मते हे कौतुक चुकीच्या गोष्टीचे आहे. तोल सांभाळून तुळईवर चालणे सहा महिन्यांत जमते. कोणता तुकडा आधी लावायचा, कोणता बोल्ट अजून आवळायचा नाही आणि क्रेनचा हुक कधी सोडायचा, हे कळायला वर्षे जातात. आपल्याकडे या दुसऱ्या गोष्टीला ना प्रशिक्षणात जागा आहे ना मजुरीत.

हे काम मुंबईला नवे नाही. काळा घोडा परिसरातली एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश याने आखलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाला, सुटे भाग बोटीने आले आणि मुंबईत जोडले गेले. (जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे इथे दाखवली गेली, म्हणून सिनेमावाले या वास्तूला मान देतात. लोखंडवाल्यांनीही द्यायला हरकत नाही.) कामाची वाटणी तेव्हापासून तीच आहे: एकाने आखायचे, दुसऱ्याने दूर कुठेतरी घडवायचे, तिसऱ्याने जागेवर उभे करायचे. बदलली ती जोडण्याची रीत. १९४३ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या हावडा पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद आहे आणि ते सगळे रिव्हेटने जोडलेले आहे. रिव्हेटच्या कामाला टोळीच लागे. एकाने भट्टीत रिव्हेट लाल करायचा, दुसऱ्याने तो झेलून भोकात बसवायचा, तिसऱ्याने मागून दाबून धरायचा, चौथ्याने पुढून ठोकून त्याचे डोके घडवायचे. वेल्डिंग आणि जादा ताकदीचे बोल्ट आल्यावर ही टोळी मोडली. आता एका सांध्यावर दोन माणसे आणि दोन पाने पुरतात. माणसे कमी झाली तशी चूक पाहणारी डोळ्यांची जोडीही कमी झाली, हा त्यातला तोटा.

काम प्रत्यक्षात कसे चालते ते वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा एखाद्या जिनिंग शेडवर पाहू. कामाची सुरुवात जमिनीत होते. पायातले फाउंडेशन बोल्ट इरेक्टरने बसवलेले नसतात, काँक्रीटवाल्याने बसवलेले असतात, आणि ते ओळीत आहेत का हे पाहणे हे इरेक्टरचे पहिले काम. तो फीत, दोरी आणि पाणनळी घेऊन बसतो. कर्ण मापतो, दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौक काटकोनात आहे. बोल्ट दहा-पंधरा मिलिमीटर हलले असतील तर दोन मोह होतात: घण मारून बोल्ट वाकवायचा, नाहीतर बेस प्लेटचे भोक गॅसने मोठे करायचे. दोन्ही उपाय पाच मिनिटांत होतात आणि दोन्ही वाईट आहेत. वाकवलेल्या बोल्टची आणि जाळून मोठ्या केलेल्या भोकाची खरी परीक्षा वादळात होते, जेव्हा खांब खाली दाबण्याऐवजी वर उपटला जात असतो. अमेरिकेने २००१ साली पोलाद उभारणीसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम केले. त्यांत असे बोल्ट दुरुस्त करायचे तर आराखड्याच्या अभियंत्याची संमती सक्तीची आहे. पायाचे काँक्रीट अपेक्षित ताकदीच्या ७५ टक्क्यांवर आले, किंवा उभारणीचा भार पेलण्याइतके घट्ट झाले, असे लेखी कळवल्याशिवाय उभारणीला हात लावता येत नाही. आपल्याकडे पाया भरून आठवडा झाला नाही तोच हायड्रा क्रेन दारात उभी असते.

मग खांब. खांबाला किमान चार बोल्ट हवेत, दोन नकोत. कारण उभा केल्यानंतर आणि तुळया जोडण्याआधी तो एकटाच असतो आणि त्याला शिडी लावून माणूस वर जायचा असतो. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमात यासाठी थेट मापच दिले आहे: खांबाच्या बाहेरच्या कडेपासून दीड फूट दूर ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो वजन टांगले तरी खांब हलता कामा नये. चढणारा माणूस, त्याची हत्यारे आणि थोडा झोल, असा तो हिशेब आहे. खांब ओळंब्यात आणायचा, बेस प्लेटखाली पातळ पट्ट्या सरकवून पातळी साधायची, वायर रोपचे ताण द्यायचे. आणि पहिल्यांदा कुठले चार खांब उभे करायचे, तर ज्यांच्यामध्ये तिरप्या ब्रेसिंगच्या सळया येणार आहेत ते. मांडवाची मुहूर्तमेढ आधी रोवतात तसा हा ब्रेसिंगचा गाळा आधी पुरा करायचा, त्याचा ओळंबा पुन्हा पाहायचा आणि मग पुढचा प्रत्येक खांब त्याच्या आधाराने उभा करत जायचे. घाईतला ठेकेदार एका टोकाकडून सरळ सुरुवात करतो आणि ब्रेसिंग 'नंतर बघू' म्हणतो. माल ट्रकमधून ज्या क्रमाने उतरला त्याच क्रमाने उभारणी करणारेही मी पाहिले आहेत.

राफ्टर, म्हणजे छप्पर पेलणारी तुळई, हा कामाचा अवघड भाग. वीस मीटरचा राफ्टर जमिनीवर जोडून एकसंध उचलतात. त्याचे पोट उंच आणि पातळ असते. उभ्या दिशेने तो टणक, आडव्या दिशेने लवचीक. छपराच्या आडव्या पर्लिन बसल्या, त्यांना जोडणारे तिरपे टेकू बसले, की तो बाजूला वाकू शकत नाही. पण त्याआधी निव्वळ स्वतःच्या वजनाने त्याची वरची कड बाजूला पिळवटू शकते. म्हणून पहिला राफ्टर खांबांवर बसवून टोकांचे बोल्ट भरले तरी हुक सोडायचा नसतो. ताण बांधायचे किंवा दुसरा राफ्टर येऊन दोघांमध्ये पुरेशा पर्लिन बसायच्या, तोवर क्रेनने पहिल्याला धरून ठेवायचे. इथेच सगळी ओढाताण होते. हायड्राचे भाडे तासावर असते. खाली मालक, ठेकेदार आणि क्रेनचा ऑपरेटर तिघेही वर पाहत असतात आणि वरचा माणूस "थांबा" म्हणत असतो. तो नेमके कशासाठी थांबवतो आहे हे खाली कोणाला दिसत नाही, कारण राफ्टर सरळच उभा असतो. पिळवटण्याआधीच्या क्षणापर्यंत तो सरळच दिसतो. चांगला इरेक्टर आणि धीट इरेक्टर यांतला फरक या 'थांबा'मध्ये आहे, आणि रोजावर काम करणाऱ्या माणसाला तो शब्द उच्चारणे किती जड जाते हेही ध्यानात घ्यायला हवे.

बोल्ट भरण्यातही असेच अदृश्य ज्ञान आहे. वीस मिलिमीटरच्या बोल्टला भोक बावीसचे ठेवतात, म्हणजे खेळायला जागा दोन मिलिमीटर. इतक्या जागेत शंभर किलोची तुळई हवेत लोंबकळत असताना भोकावर भोक आणायचे. त्यासाठी कमरेला पोडगर असतो: एका टोकाला पाना, दुसरे टोक निमुळते. निमुळते टोक एका भोकात घालून तुळई ओढून घ्यायची आणि शेजारच्या भोकात बोल्ट सरकवायचा. भोकात बोट घालून पाहायचे नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. तो मोडल्याने बोट गेलेली माणसे या धंद्यात पुष्कळ. सगळे बोल्ट आधी हातकस ठेवतात, कारण ओळंबा आणि ओळ साधायला सांगाडा थोडा सैल लागतो. पण सैल सांगाडा रात्रभर तसाच सोडणे म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो. त्यातला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताकद आणि दुसरा म्हणजे तिच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबू लागतो ते, ८० टक्क्यांवर. गावच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा ४.६ चा बोल्ट निम्म्या ताकदीचा असतो आणि रंगवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

उचलण्याच्या शास्त्राला तर गणिताची सही हवी. समजा एक टनाचा नग दोन पायांच्या स्लिंगने उचलायचा आहे. स्लिंगचे पाय जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ५७७ किलो ताण येतो. ४५ अंशांत तो ७०७ किलो होतो. ३० अंशांत तर प्रत्येक पायावर पुरा एक टन. वजन तेच, दोर तोच, फक्त दोर आखूड घेतला म्हणून ताण जवळपास दुप्पट. शाळेत त्रिकोणमिती सोडून दिलेला खलाशी हे आकडे सांगू शकत नाही, पण "दोर पसरला, लांब घे" हे बरोबर सांगतो. वजनाचा अंदाजही असाच तोंडपाठ: दहा मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो. गोल सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की मीटरमागे किलो. सरळ ओढली की सुटणारी सरगाठ कुठे घालायची आणि ताणाने घट्ट होत जाणारी कुठे, हे हातालाच ठाऊक असते. हाबेस म्हटले की उचल आणि आरिया म्हटले की सोड, या हाका बंदरातल्या खलाशांकडून इमारतींच्या कामावर आल्या आणि अजून ऐकू येतात. केरळातल्या बेपूरकडचे मापिला खलाशी या विद्येसाठी प्रसिद्ध आहेत. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण पुलावरून रेल्वेचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्याच्या कामी त्यांना बोलावले होते.

मराठवाड्यात या सगळ्यात उन्हाची भर पडते. पोलाद तापले की वाढते. साठ मीटर लांबीत ३० अंशांचा फरक पडला तर सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे बोल्टच्या भोकातल्या मोकळ्या जागेच्या अकरा पट. वैशाखात बीडकडे हवाच चाळीस-बेचाळीस अंशांवर जाते. उघड्या उन्हातले लोखंड त्याहून कितीतरी तापते, उघड्या हाताने धरवत नाही. म्हणून शेवटची ओळ आणि ओळंबा पहाटे पाहायचा, सूर्य वर येऊन सांगाड्याची एक बाजू तापण्याआधी. दुपारी साधलेला ओळंबा दुसऱ्या दिवशी सकाळी चुकलेला सापडतो आणि नवखा माणूस रात्रीतून पाया खचला की काय असे शोधत बसतो. अनुभवी माणूस चहा घेतो आणि सूर्याकडे बोट दाखवतो.

उन्हामागून वारा येतोच. वाऱ्याच्या भारासाठीच्या आपल्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, छत्रपती संभाजीनगरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एप्रिल-मे-जूनमधला वळीव ही या भागातल्या उभारणीची खरी शत्रुसेना. दुपारपर्यंत पान हलत नाही, चार वाजता आभाळ येते आणि दहा मिनिटांत पत्रा उचलला जातो. काळजीवाला गडी दुपारी दोनलाच विचारतो: आज संध्याकाळी काय सैल राहणार आहे?

जगातले मोठे अपघात पाहिले तर तेही याच मधल्या अवस्थेत घडलेले दिसतात. २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातला क्वेबेक पूल बांधकाम चालू असताना कोसळला आणि ७५ माणसे गेली. त्यांतली ३३ कानावागे गावची मोहॉक आदिवासी होती. एका गावाच्या एवढ्या घरांतला कर्ता एका संध्याकाळी गेला. खालच्या कांबी वाकत असल्याचे आधीच लक्षात आले होते. काम थांबवण्याचा निरोप जागेवर वेळेत पोहोचला नाही.

मला अधिक बोलका वाटतो तो ऑस्ट्रेलियातला १५ ऑक्टोबर १९७० चा अपघात. मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाचा एक गाळा दोन उभ्या अर्धांत बनवून वर चढवला होता. वर गेल्यावर दोन्ही अर्धांच्या पातळीत सुमारे ११ सेंटिमीटरचा फरक निघाला. उंच अर्ध खाली बसावे म्हणून त्यावर आठ-आठ टनांचे दहा काँक्रीटचे ठोकळे ठेवले. त्याने पत्र्याला फुगवटा आला. मग फुगवटा सपाट करायला जोडाचे बोल्ट काढायला सुरुवात झाली, आणि काही वेळाने गाळा खाली आला. पस्तीस माणसे मेली. प्रत्येक पायरी त्या क्षणी शहाणपणाची वाटलेली, आणि प्रत्येक पायरीने अर्ध्या उभ्या सांगाड्याचा एक एक आधार काढून घेतलेला. छोट्या शेडवर गॅसने भोक मोठे करणारा आणि हे ठोकळे ठेवणारा, दोघांचा विचार एकच आहे: जुळत नाही ना, मग जुळवू.

आपल्याकडचे ताजे उदाहरण समृद्धी महामार्गावरचे आहे. ३१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे पुलाचे गाळे बसवणारे लाँचिंग यंत्र गर्डरसह खाली आले आणि वीस जणांचा जीव गेला. ते काम काँक्रीटच्या गाळ्यांचे होते, पण कोसळला तो उभारणीसाठी लावलेला तात्पुरता पोलादी सरंजाम. मेलेल्यांत बहुतेक परप्रांतांतून आलेले कामगार होते. महामार्गाच्या उद्घाटनाची तारीख आपल्याला आठवते. सरळांबे हे नाव किती जणांना आठवते?

मोठ्या कामांत मधल्या अवस्थेचा विचार आता स्वतंत्र शाखा म्हणून होतो हे खरे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याला वरळी सागरी सेतूशी जोडणारी सुमारे दोन हजार टनांची, १३६ मीटर लांबीची धनुष्याकृती तुळई तराफ्यावरून आणून पहाटे बसवली, ती भरती-ओहोटीची वेळ साधून. भरतीत तराफा वर, ओहोटीत तो खाली, आणि त्या उतरण्यातच तुळई टेकवायची. कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली बांधलेल्या चिनाब पुलाची ४६७ मीटरची कमान दोन्ही काठांकडून पुढे पुढे वाढवत नेली आणि एप्रिल २०२१ मध्ये मधोमध जुळवली. तोवर तिचे दोन्ही अर्ध पाण्यापासून साडेतीनशे मीटरवर ताणांच्या आधाराने टांगलेले होते. अशा ठिकाणी प्रत्येक पायरीचे गणित आधी होते, कोणत्या दिवशी कोणता सांधा किती हलेल याचा तक्ता असतो. मोठ्या कामांवर जे ज्ञान कागदावर उतरते ते तालुक्याच्या शेडपर्यंत येता येता नाहीसे होते, इतकेच माझे दुखणे आहे. तिथे तेच गणित एका माणसाच्या अंदाजावर चालते आणि तो अंदाज बरोबर आला तर कोणाला कळतही नाही.

तलवाड्यासारख्या मोठ्या गावांतून फॅब्रिकेशनची दुकाने आहेत. चौकोनी पाइपाच्या कैच्या तिथेच रस्त्याकडेला वेल्ड होतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून शेतात जातात आणि चेनकप्पी, दोर, बांबूची परांची आणि आठ-दहा माणसांच्या जोरावर वर चढतात. यातली कारागिरी मोठी आहे, क्रेनशिवाय बारा मीटरची कैची उभी करणे सोपे नाही. दोष वेगळ्याच जागी असतो. बांधणारा आणि बांधून घेणारा दोघेही छप्पर खाली पडू नये याचा विचार करतात. वाऱ्यात हलके पत्र्याचे छप्पर वर उचलले जाते, हा विचार पायात येत नाही. पाया लहान, बेस प्लेट पातळ, बोल्ट आखूड. तिरपे ब्रेसिंग तर बहुतेक ठिकाणी गाळलेलेच, कारण त्याने ट्रॅक्टर आत घ्यायला अडचण होते आणि वीस-तीस हजार वाचतात. घरच्या पत्र्यावर दगड ठेवणाऱ्या मराठवाड्याला वर उचलणारा वारा अनुभवाने ठाऊक आहे. तो अनुभव शेडच्या पायापर्यंत पोहोचत नाही, ही चमत्कारिक गोष्ट आहे. दरवर्षी मे महिन्यात 'पत्रे उडाले' अशी बातमी येते. त्यातले किती पत्रे स्क्रूतून सुटले आणि किती ठिकाणी अख्खी कैची पायासकट उपटली, हे बातमीत नसते.

आता माणसांकडे. बीड जिल्हा ऊसतोडीसाठी राज्यभर माणसे पाठवतो. दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. टोळी, मुकादम, उचल ही व्यवस्था इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शिकलेल्या पोरांतले काही कोयत्याऐवजी पाना हातात घेऊन वाळूज, शेंद्रा, चाकण, रांजणगावच्या शेडींवर जातात. हा बदल वरवर पाहता सुधारणा आहे, मजुरी बरी असते आणि पाठीवर मोळी नसते. पण ओळखीपाळखीने, चुलत्या-मेहुण्याच्या बोटाला धरून जाणे तेच, आगाऊ रक्कम तीच, आणि अपघात झाला तर 'आमच्याकडे कामाला नव्हताच' हे उत्तरही तेच. एक फरक मात्र आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोजतात. लोखंडाच्या टोळीत बाई नसते, ती गावी शेत आणि म्हातारी माणसे सांभाळते आणि फोनची वाट पाहते. उच्चदाब मनोऱ्यांच्या कामावर मात्र मराठवाड्याची माणसे कमीच, तिथे मालदा आणि झारखंडकडच्या टोळ्या दिसतात. मनोऱ्याचे काम पिढीजात झाल्यासारखे त्यांच्यात उतरले आहे.

शिकण्याची सोय पाहिली तर वेल्डर आणि फिटर हे ट्रेड आयटीआयत आहेत, वेल्डरची चाचणी घेऊन दाखला देण्याची पद्धत रुळलेली आहे. उभारणी करणाऱ्याला तालुक्याच्या आयटीआयत वेगळा वर्ग नाही. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने रिगरसाठी अभ्यासक्रम आखले आहेत, मोठ्या कंपन्या आपल्या केंद्रांत शिकवतातही, पण तिथून बाहेर पडलेला माणूस मोठ्या प्रकल्पावरच जातो. गावाच्या शेडवर शिकवणारा म्हणजे दोन वर्षे बोल्टची पिशवी वाहून वर चढलेला आधीचा हेल्पर. तो चांगले शिकवतो, मात्र जे त्याला स्वतःला कळले तेवढेच. उभारणीसाठीचे भारतीय सुरक्षा मानक आयएस ७२०५ हे १९७४ चे आहे. ते इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या हाती ते पडण्याची शक्यता जवळपास शून्य. त्यातली दहा पाने सोप्या मराठीत, चित्रांसह, कोणी केली तर फार मोठे काम होईल.

कायद्याची स्थिती अशी. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा आणि त्याबरोबरचा उपकर यांवर महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ २०११ पासून चालत आले आहे. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. एका ठेकेदाराकडे बारा दिवस, दुसऱ्याकडे वीस, असे काम करणाऱ्या इरेक्टरला हा दाखला मिळवणे अवघड. मंडळाकडून हेल्मेट, बूट, हार्नेस असलेला सुरक्षा संच मिळतो आणि भांड्यांचा संचही मिळतो. गावोगावी रांगा लागतात त्या भांड्यांसाठी. हार्नेस बऱ्याच घरांत खुंटीला टांगलेला असतो. दोष त्या माणसाचा नाही. हार्नेसचा हुक कशाला अडकवायचा, हे उत्तर साइटवर नसेल तर पट्टा घालून काय उपयोग? लाइफलाइनची वायर बांधलेली नसेल तर तो पट्टा म्हणजे छातीवरचे ओझे. आणि लाइफलाइन कुठे बांधायची हा प्रश्न पुन्हा त्याच मधल्या अवस्थेचा आहे, कारण बांधायला लागणारा पक्का भाग अजून उभाच राहिलेला नसतो. म्हणून हार्नेस वाटण्यापेक्षा शक्य तितकी जोडणी जमिनीवर करून वरचे काम कमी करणे अधिक उपयोगी आहे. दोन राफ्टर पर्लिनसह जमिनीवर जोडून अख्खा गाळा उचलला तर वरचे बोल्ट निम्म्याने घटतात. त्यासाठी क्रेन मोठी लागते आणि मालक नाही म्हणतो.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांमध्ये १९९६ चा कायदा सामावला गेला आणि कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक झाले. गेवराईच्या ठेकेदाराने तोंडी बोलावलेल्या सात जणांच्या टोळीपर्यंत ते पत्र कसे पोहोचणार, हे नियम राबवणाऱ्यांनी ठरवायचे आहे. प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र त्यापेक्षा सोपा आहे, कारण इथे वर्षाचे वेळापत्रकच मदतीला येते. मृगापासून पोळ्यापर्यंत उभारणी मंदावते, ऊसतोडीची माणसेही गावात असतात. तालुक्याच्या आयटीआयत वेल्डिंगची शेड आहे, चेनकप्पी आहे. आवारात चार खांबांचा एक गाळा उभा करून तो पुन्हा उतरवायचा, असा तीन आठवड्यांचा वर्ग तिथे चालू शकतो: पहिला आठवडा पाया, कर्ण आणि ओळंब्याचा, दुसरा स्लिंग, गाठी आणि खुणांचा, तिसरा पूर्ण आठवडा हुक सोडण्याचा. शिकवायला पंचवीस वर्षे राफ्टर चढवलेला एखादा फोरमन आणि गणितासाठी एक अभियंता, दोघे मिळून. फोरमनला मानधन अभियंत्याइतकेच द्यावे लागेल.